हसणाऱ्याचं गाव

मोबाइलवर विनोदी क्लिप दाखवणारा माणूस स्वतः ती क्लिप बघत नसतो, तो आपल्या तोंडाकडे बघत असतो. "हे बघ, मरशील हसून," असं म्हणून त्याने फोन आपल्या नाकासमोर धरलेला असतो आणि आपण एक डोळा पडद्यावर, एक त्याच्यावर ठेवून वाट पाहत असतो. पंच येतो आणि जातो. आपण नाकातून थोडी हवा सोडतो. "थांब, पुढे आहे खरं," तो म्हणतो. पुढेही काही नसतं. मग फोन खिशात घालताना त्याचा निकाल ठरलेला असतो : "तुला ना, विनोदबुद्धीच नाही."

शास्त्रीय संगीतातलं आपल्याला काही कळत नाही, हे लोक सहज सांगतात. काहीजण तर थोड्या अभिमानानेच. पण विनोद कळत नाही असं स्वतःबद्दल सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. शिवाय एखादा विनोदवीर "मला आवडत नाही" असंही कुणी म्हणत नाही. "तो विनोदीच नाही" असं म्हणतात. ज्याला कारलं आवडत नाही तोही ते भाजी आहे एवढं तरी मान्य करतो. विनोदवीराला ती सवलत नाही. कारण हसू ठरवून येत नाही, ते आतून फुटतं किंवा फुटत नाही, आणि म्हणून न फुटलेलं हसू हा आपल्याला पुरावा वाटतो. मी हसलो नाही, म्हणजे हसण्यासारखं काही नव्हतं. समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी येत असलं तर ते त्याचं अज्ञान.

आमच्या घरात हा वाद कायमचा मुक्कामाला आहे. सासरे, म्हणजे नाना, पुलंच्या पलीकडे कुणाला विनोदी मानत नाहीत. मेहुण्याला जेवताना 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' लागते. भाची यूट्यूबवरच्या भाडिपा या मराठी चॅनलच्या पिढीची. तिच्या फोनवर मराठी, हिंदी, इंग्रजी असे तिन्ही भाषांतले स्टँडअपवाले नांदत असतात. आणि मी परभणीचा, माझा जीव 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये अडकलेला. चौघांना एका सोफ्यावर बसवून एकाच विनोदावर हसवणं अजून कुणाला जमलेलं नाही.

'वऱ्हाड'बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हसण्यातल्या या फाटाफुटीचा मला जो काही उलगडा झाला तो तिथे झाला. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. १९७९पासून ते हा एकपात्री प्रयोग करू लागले. गावातल्या पोराचं लंडनच्या मुलीशी लग्न ठरतं आणि विमान कधी न पाहिलेलं गावच्या गाव वऱ्हाडी होऊन निघतं, एवढीच गोष्ट. रंगमंचावर माणूस एक आणि पात्रं ५२. गिनेस बुकाने त्याची दखल घेतली. पण गिनेसला मोजता आलं नसेल असं काहीतरी मी पुण्यात बालगंधर्वला तो प्रयोग पाहताना ऐकलं. हशा दोन हप्त्यांत येत होता. मागच्या रांगांत आमच्याकडची मंडळी होती, शिकायला आलेली, नोकरीला आलेली. ती वाक्य संपायच्या आधीच हसत होती. कोण बोलतोय हे त्यांनी पहिल्या हेलातच ओळखलेलं असायचं. पुढच्या रांगा वाक्य संपल्यावर हसायच्या. त्यांना ते बोलणंच मजेशीर वाटत होतं. म्हणजे वाक्य तेच, माणूस तोच, पण विनोद दोन होते. मागचे हसत होते ते "अगदी आपल्या मामासारखा" म्हणून आणि पुढचे हसत होते ते "काय हे लोक" म्हणून. पुढच्यांच्या हसण्यात दुष्टावा नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. पण ते हसू वेगळ्या दारातून आत आलेलं होतं.

आणि या दोघांच्या मधे बसले होते माझे काका. त्यांनी निम्मं आयुष्य खर्चून आपल्या बोलण्यातलं परभणी घासूनपुसून काढलं होतं. ऑफिसात 'करायलोय', 'जायलोय' तोंडातून निसटलं की सहकारी गालात हसतात, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी पाहिलं आणि तेव्हापासून 'करतोय', 'जातोय' असं ताठ बोलू लागले. प्रयोगभर ते एकदाही हसले नाहीत. बाहेर पडताना म्हणाले, "चांगला आहे नट. पण एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात?" काकांना ५२पैकी एकही माणूस अनोळखी नव्हता. संदर्भ त्यांना पुढच्या रांगांपेक्षा शंभरपटीने ठाऊक होते. त्यांनी जे मुश्किलीने गाडून टाकलं होतं तेच तिकीट लावून वर काढलं जात होतं आणि सगळं सभागृह त्यावर हसत होतं.

हेन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९००मध्ये हसण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एक किस्सा आहे. चर्चमध्ये प्रवचन चाललंय, सगळे रडताहेत, एकटा एक माणूस कोरडा. त्याला विचारतात, तू का रडत नाहीस? तो म्हणतो, मी या गावकीतला नाही. बर्गसाँचं म्हणणं असं, की त्या माणसाने रडण्याबद्दल जे सांगितलं ते हसण्याला जास्त लागू पडतं. हसू नेहमी टोळीचं असतं. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या कुणालाही हे पटेल. बुवा सुनांवर घसरतात आणि मांडव हसतो, सुनाही पदर तोंडाला लावून हसतात. त्याच मांडवात शहरातून सुट्टीला आलेली नात कपाळाला आठ्या घालून बसलेली असते. तिला विनोद कळलेला असतो, पण ती आता त्या गावकीतली राहिलेली नसते.

फक्त बर्गसाँच्या किस्स्यात गावचे आणि परगावचे असे दोनच प्रकार आहेत. माझे काका तिसऱ्या प्रकारातले. गाव सोडून आलेले. विनोदवीरांना सगळ्यात अवघड प्रेक्षक हाच असावा, कारण परगावच्याला समजावून सांगता येतं, याला काहीच समजावता येत नाही. आणि गंमत म्हणजे बरेचसे स्टँडअपवाले स्वतः याच तिसऱ्या प्रकारातले असतात.

नानांचं प्रकरण अगदी वेगळं आहे. त्यांच्याकडे पुलंच्या कॅसेटी होत्या, आता यूट्यूब आहे. 'म्हैस' लागली की त्यांचे ओठ हलू लागतात. एसटी, रस्त्यात आडवी आलेली म्हैस, खोळंबलेले उतारू, एकेकाचं बोलणं, सगळं पाठ. विनोद म्हणजे अपेक्षाभंग, असं शाळेपासून ऐकत आलोय. नानांना कसली अपेक्षा आणि कसला भंग? तरी ते वाक्य यायच्या आधीपासून हसत असतात. भाचीने एकदा त्यांना सरळ विचारलं, "आजोबा, पुढची ओळ पाठ असताना हसू येतं तरी कसं?" नाना म्हणाले, "पाठ आहे म्हणूनच."

भाचीला 'म्हैस' लांबलेली वाटते. मला तिचं चूक वाटत नाही. अनोळखी माणसांबरोबर तासन्‌तास एसटीत अडकण्याचा योग तिला आलेला नाही. ती कॅबमध्ये कानात इअरफोन घालून बसते. १९६०च्या दशकात पुलं 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी करत, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण प्रयोग संपवून चाळीतच परत जाणारे होते. आज टॉवरमध्ये परत जाणाऱ्याला ती चाळ कळते, पण कळणं आणि हसू फुटणं यांच्यामध्ये एक क्षण जातो आणि तेवढ्यात विनोद पुढे निघून गेलेला असतो. उलट भाचीच्या आवडीचा एक मुलगा स्टँडअपवर बारा मिनिटं फक्त फ्लॅटमेटबरोबर फ्रीजमधले कप्पे वाटून घेण्यावर बोलतो. ती लोळते. नाना विचारतात, "तो बोलायला कधी सुरुवात करणार?"

आता याच नानांचा दुसरा अवतार. तरुणपणी लालबागला भारतमातामध्ये मित्रांबरोबर दादा कोंडक्यांचे चित्रपट त्यांनी शिट्ट्या मारत पाहिलेत. हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, ते एकटे सापडले तेव्हा कळलं. दादांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि त्याचीही गिनेसमध्ये नोंद झाली. चार-दोन चावट लोकांच्या जिवावर नऊ रौप्यमहोत्सव होत नसतात. तरीही मध्यमवर्गीय घरांत 'दादा कोंडके विनोदी नाहीत, आचरट आहेत' हे वाक्य संस्कारासारखं दिलं जायचं. दादांची खुबी अशी, की दुसरा अर्थ ते स्वतः बोलतच नसत, तो आपल्या डोक्यात तयार व्हायचा. जो चिडला त्याला तो अर्थ सर्वांत आधी समजलेला असायचा. घरात मुली-जावई बसलेले असताना टीव्हीवर दादा आले की नाना चॅनल बदलतात. "काय तेच तेच," म्हणतात. मला ते ढोंग वाटत नाही. भारतमातातल्या नानांना खरंच हसू येत होतं आणि आमच्या हॉलमधल्या नानांना खरंच येत नाही.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने हसण्याचा अभ्यास प्रयोगशाळेत न करता बाजारात, महाविद्यालयात, लोक बोलत उभे असतात तिथे केला. सुमारे १,२०० वेळा लोक हसले ते त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी टिपलं. माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो, हा त्यातला एक निष्कर्ष. दुसरा मला जास्त आवडतो : हसू फुटण्याआधी जे बोललं गेलं होतं त्यातलं फार तर १० ते २० टक्के विनोद म्हणता येईल असं होतं. बाकीची वाक्यं "बरं, भेटू मग" या छापाची. म्हणजे विनोदवीराच्या बाजूने किंवा विरुद्ध आपण जी वकिली करतो ती बहुतेक वेळा त्याच्या विनोदाबद्दल नसतेच. त्या वेळी आपण कुणाशेजारी बसलो होतो, याबद्दल असते.

हास्यजत्रेवर आमच्याकडे जी भांडणं होतात ती याच मुद्द्यावर. समीर चौघुले काहीतरी करतात, कॅमेरा परीक्षकांवर जातो, प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर खुर्चीतून घसरायच्या बेतात. मेहुणा त्यांच्या जोडीने हसतो. बायको म्हणते, "त्यांना पैसे मिळतात हसायचे, तुला काय मिळतं?" पण मेहुणा एकटाच जेवत असतो, त्याला सोबत मिळते, हे त्याचं उत्तर बिनतोड आहे. अमेरिकन टीव्हीवाल्यांनी १९५०च्या दशकातच पेटीतून रेकॉर्ड केलेला हशा सोडायला सुरुवात केली होती. आपल्याकडे निदान हसणारा डोळ्यांना दिसतो तरी.

जाता जाता एक टिप्पणी. हसण्यात उच्चनीच लावण्याची खोड आजची नाही. नाट्यशास्त्रात भरताने हसण्याचे सहा प्रकार सांगितले आणि ते वाटूनही टाकले. दात न दाखवता केलेलं स्मित आणि त्याच्यापुढचं हसित उत्तम माणसांचं, पुढचे दोन मध्यमांचे आणि डोळ्यांत पाणी आणून, कुशी दाबून हसायचं ते अतिहसित अधमांच्या वाट्याला. समर्थांनी 'टवाळा आवडे विनोद' म्हणून एका फटक्यात सगळ्यांनाच निकालात काढलं. इंग्रजी स्टँडअपला मान डोलवत मंद हसणारा आणि तमाशातल्या बतावणीला मांडी थोपटून हसणारा, या दोघांत पहिल्याची अभिरुची वरची, असं आपण आजही न बोलता धरून चालतो. माझं मत विचाराल तर कुशी दाबायला लावणारी कला जास्त अवघड आहे.

त्याच भरताने हास्याच्या कारणांत विकृत वेष सगळ्यात आधी सांगितला. पुरुषाला साडी नेसवली की हशा मिळतो, हे तमाशातल्या मावशीपासून २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'पर्यंत सिद्ध झालेलं सूत्र आहे. भाची तिथे उठून जाते. "मामा, यात तो बाई झालाय याच्याशिवाय दुसरा विनोद काय आहे सांग," हा तिचा प्रश्न. मी बचाव करून पाहिला : भाऊ कदमांचं टायमिंग बघ, साडी विसर. ती म्हणाली, "साडी काढली तर हसतील का?" कधी हसतात, कधी नाही. गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या असा काही रंगवला, की पडद्याबाहेरही ती ओळख त्यांना चिकटून राहिली आणि त्याचा त्रास त्यांना नि त्यांच्या घरच्यांना झाला. हे एकदा कळल्यावर जुन्या फितीवर पूर्वीसारखं हसू येत नाही, निदान मला. नानांना येतं. त्यांनाही हे माहीत आहे.

अलीकडे मतभेदाला एक नवं आणि फार साधं कारण मिळालंय : दोघांनी एकच माणूस पाहिलेला नसतो. एकाने तिकीट काढून, मित्रांबरोबर, अंधाऱ्या हॉलमध्ये पूर्ण तासाचा सेट पाहिलेला असतो. दुसऱ्याने त्यातला चाळीस सेकंदांचा रील रात्री बारा वाजता, बाजूला झोपलेलं माणूस उठू नये म्हणून आवाज बारीक करून पाहिलेला असतो. स्टँडअपमध्ये दहाव्या मिनिटाला पेरलेली गोष्ट पन्नासाव्या मिनिटाला परत येते तेव्हा सभागृह फुटतं, त्याला कॉलबॅक म्हणतात. रीलमध्ये पेरणीही नाही आणि कापणीही नाही. मग रीलसाठी म्हणून क्राउड वर्क, म्हणजे समोरच्या प्रेक्षकांशी थेट गप्पा, वाढलं. "कुठून आलात? काय करता? आयटीत? अरेरे!" हे हॉलमध्ये मजेचं असतं, कारण तो आयटीवाला आपल्या तीन खुर्च्या पलीकडे लाजत बसलेला असतो. फोनवर ते नुसतं कुणाची तरी चौकशी केल्यासारखं वाटतं.

आणि मग राजकारण. मार्च २०२५मध्ये कुणाल कामराने एकनाथ शिंद्यांवर विडंबनगीत म्हटलं आणि शिवसैनिकांनी खारच्या हॅबिटॅट या कॉमेडी क्लबची तोडफोड केली, तेव्हा पुढचा आठवडाभर आमच्या सोसायटीत कायदा, स्वातंत्र्य, कलावंताची जबाबदारी यांच्यावर कडाक्याची चर्चा झाली. तोडफोड चूक, हे बहुतेकांनी मानलं; काहींनी 'पण' लावून मानलं. मला कुतूहल होतं वेगळंच. "गाणं विनोदी होतं का?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाने मागच्या निवडणुकीत कुणाला मत दिलं त्याबरहुकूम येत होतं, एकही अपवाद नाही. अगदी "मी राजकारण बघतच नाही" म्हणणाऱ्यांचंसुद्धा.

यावर माझा एक घरगुती निकष आहे, तो कुणी मानावा असा आग्रह नाही. मी टाळ्या आणि हशा वेगवेगळे ऐकतो. टाळी विचार करून वाजते. 'बरोबर बोललास' अशी पावती असते ती. हशा त्याच्या आधी निघतो, पटायच्या आधी, कधी कधी अजिबात पटत नसताना. ज्या सेटमध्ये टाळ्या जास्त आणि हशा कमी, त्याला मी चांगलं भाषण म्हणतो. अशी भाषणं हल्ली दोन्ही बाजूंना पुष्कळ होतात. शिंद्यांना मत दिलेला एक शेजारी मात्र जिन्यात मला हळूच म्हणाला, "चाल चांगली पकडली होती हो." त्याला हसू आलं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो गप्प होता.

सगळ्यांना हसवणारा एक तरी विनोद असेल का, हे शोधायचा प्रयत्नही होऊन गेलाय. रिचर्ड वाइजमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने २००१-०२मध्ये इंटरनेटवरून जगभरातले ४०,०००हून जास्त विनोद गोळा केले आणि लोकांना गुण द्यायला लावले. पहिला आला तो असा : दोन शिकारी जंगलात जातात. एकजण कोसळतो. दुसरा घाबरून मदतीसाठी फोन करतो, माझा मित्र मेलाय, काय करू? पलीकडून सांगतात, शांत व्हा, आधी तो नक्की मेलाय याची खात्री करा. थोडी शांतता, मग गोळीचा आवाज. हा परत फोनवर : "केली. आता पुढे?"

हा विनोद मी जेवणाच्या टेबलावर, जगातला सर्वांत विनोदी विनोद अशी जाहिरात करून सांगितला. मेहुणा हसला, पण तो हसतोच. भाची म्हणाली, "ओके." नाना "हं" म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं. यात ना हेल आहे ना चाळ, सासू नाही, पक्ष नाही, साडी नाही. कुणालाच टोचत नाही म्हणून सगळीकडून थोडे थोडे गुण मिळवून तो वर पोचला असावा. ज्याच्यावर कुणी तरी जीव टाकतं असा विनोद अशा निवडणुकीत उभा राहिला तर त्याची अनामत जप्त होईल.

या धंद्यातल्या लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पुण्यात ओपन माइकला, म्हणजे नवख्यांना मंच देणाऱ्या कार्यक्रमांना जाणारा, मूळचा नांदेडकडचा एक पोरगा माझ्या ओळखीचा आहे. दिवसा नोकरी करतो, संध्याकाळी पाच-पाच मिनिटांचे सेट. प्रत्येक सेट तो फोनवर रेकॉर्ड करतो आणि रात्री स्वतःचा विनोद सोडून फक्त मधल्या जागा ऐकतो : हशा किती वेळ टिकला, कुठल्या शब्दावर सुरू झाला, कुठे नुसता खोकला आला. घरमालकावरचा त्याचा एक विनोद कोथरूडला पडला, वाकडला जोरात चालला, कारण वाकडच्या कॅफेत सगळे भाडेकरू होते आणि कोथरूडला पहिल्या दोन रांगा मालकांच्या. त्याने प्रेक्षकांशी भांडण काढलं नाही. कोथरूडसाठी भाडेकरूवर विनोद लिहिला.

परवा त्याच्या शोला गेलो होतो. आईच्या फोनवरच्या बोलण्याची नक्कल त्याने केली, "काय करायलास रे, जेवलास का नाही अजून," आणि मी पोट धरून हसलो, भरताच्या हिशेबात सरळ अधमांत जाऊन बसलो. शो संपल्यावर तो भेटला तेव्हा म्हटलं, ते आईचं फार भारी होतं, ते काढू नकोस.

"तुम्ही परभणीचे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग तुमचं हसणं मी धरत नाही, काका. आपल्याकडचे तर हसणारच," तो म्हणाला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या सदाशिव पेठेतल्या जोडप्याकडे वळला.